चेकरसाहेबांचा नववा प्रश्न

चेकरसाहेबांच्या मुलीशी लग्न जमवणं सोपं, पण त्यांच्याकडून कुत्र्याचं पिल्लू मिळवणं महाकठीण. हे कुणी शेजारीपाजारी म्हणत नाहीत, त्यांचा सख्खा जावई म्हणतो. "मुलगी देताना मला दोन प्रश्न विचारले," तो सांगतो, "नोकरी कायम आहे का, आणि रागावल्यावर ताटावरून उठून जातोस का. पिल्लासाठी चौदा विचारले. आणि नापास केलं!"

साहेब म्हणजे काही मोठे अंमलदार नव्हेत. शहराच्या बसमध्ये त्यांनी एकतीस वर्षं तिकिटं तपासली. ज्याच्याकडे तिकीट नाही तो माणूस एकदम खिडकीबाहेर बघायला लागतो, जणू जन्मात रस्ता पाहिलेला नाही, हे त्यांना पाठ होतं. निवृत्त झाल्यावर त्यांचं हे सगळं ज्ञान पिल्लू मागायला येणाऱ्यांच्या वाट्याला आलं. "कुत्रं घरात राहणार की गच्चीवर?" असं विचारलं आणि समोरच्याची नजर खिडकीकडे गेली, की संपलं. मग तो माणूस मोटार दाखवो नाहीतर ओळख सांगो.

त्यांच्याकडे डॅशहंड. लांबलचक अंग, आखूड पाय, आणि स्वतःला वाघ समजणारा स्वभाव. तळमजल्यावरचं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे फरशीचं छोटंसं अंगण. मागच्या खोलीत साहेबांनी स्वतः ठोकलेली प्लायवूडची पेटी होती. पेटीला आतून चारी बाजूंनी दांडा, म्हणजे आई कूस बदलताना पिल्लू भिंतीशी चेंगरायला नको. शेजारी स्वयंपाकघरातला वजनकाटा, जो पिल्लं झाली की दोन महिने स्वयंपाकघरात परत जात नसे. पिल्लांच्या गळ्यात वेगवेगळ्या रंगांची लोकर. नाव मात्र कुणालाही नाही. नाव ठेवायचा हक्क ज्याच्या घरी ते जाणार त्याचा, असा साहेबांचा कायदा. लाल, हिरवा, पिवळी, बस्स.

या सगळ्याची सुरुवात आनंदाने झाली नव्हती. तीस वर्षांपूर्वी त्यांनी बाजारातल्या एका माणसाकडून एक मादी आणली होती. तिला घरात नुसतं 'पहिली' म्हणतात आता. तरतरीत, गोड, कुणालाही जीव लावणारी. पाचव्या वर्षी एका सकाळी ती उठली आणि तिचे मागचे पाय उठलेच नाहीत. पाठीच्या मणक्यांमधली गादी सरकली होती. या जातीला तो शापच आहे, पण आईबाप नीट पाहून निवडले तर बराच टळतो, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. साहेब त्या बाजारातल्या माणसाकडे गेले. आईबाप कोण, विचारलं. तो म्हणाला, "कुणास ठाऊक हो. दुसरं घेऊन जा, कमी करून देतो." साहेब आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी अंगावर धावून गेले ते तेव्हा. पहिली त्यानंतर तीन वर्षं जगली, पोटाखाली पट्टा घालून मागचा भाग उचलून धरला की चालायची. तिला मूठमाती दिली त्या दिवशी साहेबांनी ठरवलं, की एक तरी घराणं असं तयार करायचं ज्याच्या पाठीवर भरवसा ठेवता येईल.

आणि मग सुरू झाला तो उद्योग, ज्यात फायदा शोधायला दुर्बीण लागेल. गल्लीतले विमावाले एकदा पिल्लांची संख्या आणि भाव यांचा गुणाकार करून डोळे मिचकावत म्हणाले, "काय साहेब, चंगळ आहे!" साहेबांनी त्यांना आत नेलं आणि खुर्चीत बसवून ऐकवलं. मादी अडीच वर्षांची होईपर्यंत तिला पिल्लं होऊ द्यायची नाहीत. मग दूरच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन अख्ख्या पाठीचा एक्स-रे. मणक्यांमधल्या गाद्यांवर पांढरे डाग किती ते मोजायचं. जास्त निघाले तर अडीच वर्षांची वाट पाहणं मातीत, ती मादी आयुष्यभर नुसती लाडाची. डाग कमी निघाले तर तसाच चांगला नर शोधायचा, तो कुठल्या तरी टोकाला असणार. एवढं करून बाळंतपण अडलं की ऑपरेशन. वर, दिलेलं कुत्रं नकोसं झालं तर कुठल्याही वयात साहेबांकडेच परत आणायचं, अशी लेखी अट. त्यापायी एक नऊ वर्षांचा दात पडलेला म्हातारा परत आला होता आणि विमावाल्यांच्या पायाशी घोरत होता. विमावाल्यांनी चहा अर्धा ठेवला आणि पुन्हा गुणाकाराचं नाव काढलं नाही.

मुलीच्या लग्नाची तर कथाच झाली. तीन दिवस आधी एका मादीचं ऑपरेशन झालं आणि तिने एका पिल्लाला जवळच घेतलं नाही. दर दोन तासांनी ड्रॉपरने दूध. साहेबांनी ते पिल्लू लोकरीत गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि तसेच लग्नाला उभे राहिले. सगळ्या फोटोंत वधुपित्याची डावी बाजू फुगलेली. पाहुणे विचारत होते, "तब्येत बरी आहे ना?" ऐन जेवणाच्या वेळी वधुपिता गायब, शोधाशोध झाली, तर हे महाशय सामानाच्या खोलीत ड्रॉपर घेऊन बसलेले. लेक आता हसते. पहिली दोन वर्षं ते फोटो तिने कुणाला दाखवले नव्हते.

तिलाही पिल्लू हवं होतं. दोनदा मागितलं, दोनदा साहेबांनी नाही म्हटलं. ती राहते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. "जिने चढून उतरून पाठ जाईल त्याची," एवढंच बोलून त्यांनी विषय मिटवला. पोटच्या पोरीला!

चौदा प्रश्नांत सगळ्यांत कडक होता तो नववा. घरातल्या प्रत्येकाला कुत्रं हवं आहे का? आणि हे साहेब सगळ्यांसमोर विचारत नसत. त्या घरी जाऊन एकेकाला वेगळं बसवायचं, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. कोण काय बोललं ते सांगायचं नाही, फक्त निकाल द्यायचा. एकदा एका ऐसपैस बंगल्यात बाप राजी, आई राजी, मुलं तर उड्या मारत होती. आत एक आत्या भाजी निवडत बसलेली. तिला विचारलं तर "हवंय की" म्हणाली, पण मान वर केली नाही. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "सध्या तुमच्या घराला पिल्लू योग्य नाही." बाप खवळला. "एका आत्याच्या तोंडाकडे बघून?" साहेब म्हणाले, "दिवसभर घरात कोण असतं? कुत्रं तिच्याच गळ्यात पडणार. तिने मान वर करून हो म्हणायला हवं."

साहेबांची बायको त्या वेळी सोबत नव्हती. ती कधीच नसायची. ती घरी वजनं लिहायची, नखं कापायची, पेटीतली फडकी दिवसातून चार वेळा धुवायची, पिल्लांना ताटलीतून खायला शिकवायची. लोक पिल्लू न्यायला आले की चहा पाठवून द्यायची आणि स्वयंपाकघरातच राहायची. "तिला कुत्र्यांचं एवढं नाही," साहेब येणाऱ्याला समजावून सांगत, "पण करते बिचारी."

इतक्या वर्षांनी अखेर ती मादी जन्माला आली, जिला घरात नुसतं 'थोरली' म्हणत. तिच्या पणजीच्या पाठीत आठ डाग होते, आजीच्या चार, आईच्या एक. थोरली अडीच वर्षांची झाल्यावर साहेब तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, एकदा बघितला, पुन्हा पहिल्यापासून बघितला. मग हस्तांदोलनासाठी साहेबांपुढे हात केला. एकही डाग नव्हता. साहेब तिथल्या बाकावर बसून ढसाढसा रडले आणि थोरली त्यांच्या बुटाची नाडी चावत राहिली.

त्या थोरलीला तीन पिल्लं झाली. दोन नर, एक मादी. नर दिले जाणार होते. मादी साहेब स्वतःसाठी ठेवणार होते, कारण घराणं पुढे चालवायचं तर तिच्याच पोटी. बावीस वर्षांची कमाई त्या एवढ्याशा जिवात होती. आणि साहेबांच्या हातून एक गोष्ट घडून गेली, जी कधी घडली नव्हती. त्यांनी तिला नाव ठेवलं. गोटी.

रविवारी लेक आली तेव्हा तिने ते ऐकलं. "गोटी? बाबा, तुम्ही नाव ठेवलंत?"

"ही इथेच राहणार आहे. घरची आहे, म्हणून ठेवलं."

"अस्सं!" लेक पदर खोचल्यासारखी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मग अर्ज कुठाय तुमचा?"

"कसला अर्ज?"

"मला दोनदा नापास केलंत ना? नियम म्हणजे नियम. आई, बाबांचा तो फॉर्म आण गं. आज मी चेकर."

साहेबांनाही गंमत वाटली. ते गुडघ्यावर हात ठेवून समोर बसले. घरात दिवसभर कुणी असतं का? असतं. जिने आहेत का? एकसुद्धा नाही. पलंगावर उडी मारू देता का? "मी देत नाही," साहेब म्हणाले, आणि स्वयंपाकघराच्या दिशेने बघत, "आतल्यांचं सांगता येत नाही." आजारपणाला पैसे आहेत का? "पेन्शन आहे, ती तशीही हीच मंडळी खातात." लेक प्रत्येक उत्तराला खूण करत होती आणि मधूनच साहेबांसारखा चष्मा नाकावर ओढून "हं, खिडकीकडे बघू नका" म्हणत होती. हसून हसून साहेबांचे डोळे पाणावले.

"नऊ," लेक म्हणाली. "घरातल्या प्रत्येकाला कुत्रं हवं आहे का? वेगवेगळं विचारलंत का?"

"हो तर."

"आईला विचारलंत?"

साहेब हसायचे थांबले. त्यांनी आठवून पाहिलं. पहिलीच्या वेळी? तेव्हा तर त्यांनी पिल्लू पिशवीत घालून आणून अचानक पुढे केलं होतं. पेटी ठोकली तेव्हा? तेव्हा फक्त विचारलं होतं, हातोडी कुठे आहे. बावीस वर्षांत शंभरएक घरांतल्या माणसांना हा प्रश्न त्यांनी विचारला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि बघता बघता त्यांची नजर खिडकीबाहेर गेली.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "तुम्ही जरा अंगणात थांबा."

साहेब अंगणात जाऊन उभे राहिले. बिनतिकिटाचा माणूस बसमधून उतरवल्यावर उभा राहतो तसे. फरशीवर गोटी आपल्याच कानात पाय अडकून पडत होती. खिडकीतून दोघी दिसत होत्या, ऐकू काही येत नव्हतं. सुरुवातीला बायको हात झटकून हसली. मग खुर्चीवर बसली. मग बराच वेळ तीच बोलत होती आणि लेक फॉर्म मांडीवर ठेवून नुसती ऐकत होती. असं बाहेर थांबणाऱ्या लोकांना काय वाटत असेल याचा आपण कधी विचारच केला नाही, असं साहेबांच्या मनात आलं.

लेक दारात आली. तिचा चेहरा उतरला होता. गंमत करायची म्हणून तिने ते वाक्य उचललं खरं, पण या वेळी चष्मा नाकावर ओढला नाही. "सध्या तुमच्या घराला पिल्लू योग्य नाही, बाबा."

"म्हणजे? काय म्हणाली ती?"

"ते सांगायचं नसतं ना."

"अगं पण..."

"मीच सांगते," मागून बायको म्हणाली. ती बाहेर येऊन पायरीवर बसली. "मला कुत्र्यांचं एवढं नाही, असं तुम्ही जगाला सांगत फिरता. कुणी सांगितलं तुम्हाला?"

साहेब पायरीजवळ आले.

"त्रेचाळीस पिल्लं गेली या घरातून. दोन दोन महिने रात्रीचा दिवस करायचा. कुठलं कुठे गुदगुल्या केल्यावर तंगड्या झाडतं, कुठलं भांड्याच्या आवाजाला घाबरतं, सगळं मला ठाऊक. आणि मग तुम्ही कुणाला तरी पास करता आणि ते जातं. तुम्ही दारात उभे राहून सूचना देत असता, उडी मारू देऊ नका, वजन वाढू देऊ नका. मी आत नळ सोडून उभी असते. का, तर रडल्याचा आवाज बाहेर जाऊ नये."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?" ती रागाने नाही, थकून म्हणाली. "आणि बोलणार तरी काय? पहिलीला पट्ट्याने उचलून कोण चालवत होतं? तुम्ही ड्युटीवर. तुम्ही हे कशापायी करता ते मला कळत नाही होय? थोरलीच्या पाठीचा तो फोटो आला ना, तुम्ही बाजारात गेलात तेव्हा मी तो उजेडाला धरला. एकेक गादी मोजली बोटाने. देवाशप्पथ सांगते, तुमच्याइतकीच रडले. पण आता पुरे. गोटी राहू दे, जन्मभर राहू दे. तिला पिल्लं नकोत, थोरलीलाही पुन्हा नकोत. मला आता कुणालाही द्यायचं नाही."

साहेबांनी गोटीकडे पाहिलं. गोटीला ठेवायचं तर घराणं इथेच संपतं. त्यांनी पहिल्यांदा, माणूस जसा करतो तसा, मधला रस्ता शोधून पाहिला. त्यांच्याकडून पूर्वी कुत्रं नेलेल्या एक चित्रकलेच्या बाई होत्या. हुशार, चिकाटीच्या, तीन वर्षं मागे लागल्या होत्या की मला एक चांगली मादी द्या, तुमच्याच पद्धतीने पुढे नेते. या वेळी साहेबांनी त्यांना एक नर कबूल केला होता. गोटी त्यांच्याकडे गेली तर पाठीचा एकही मणका वाया जाणार नव्हता.

"मग असं करू," साहेब सावकाश म्हणाले. "चित्रकलेच्या बाईंना गोटी देऊ. त्या नीट करतील सगळं. तुला त्रास नाही, आणि घराणंही..."

बायको ऐकत होती. तिने वाद घातला नाही. "तुमचं काम आहे ते, तुम्ही ठरवा," म्हणाली, गोटीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, आणि उठून आत गेली.

मग स्वयंपाकघरातला नळ सुटला.

साहेब तसेच उभे. हा आवाज त्यांनी आजवर त्रेचाळीस वेळा ऐकला होता आणि त्रेचाळीस वेळा त्यांना वाटलं होतं, कपबशा विसळतेय. एकतीस वर्षं लोकांचे चेहरे वाचले, आणि घरातला एक चेहरा वाचायला भिंत आड आली म्हणून जमलं नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की लेकीकडे बघवेना.

ते आत गेले. बायको ओट्याकडे तोंड करून उभी होती. साहेबांनी हात लांब करून नळ बंद केला.

"नाही देत," ते म्हणाले. "कुणालाच नाही देत."

"उगाच माझ्यासाठी म्हणून नको."

"तुझ्यासाठीच. दुसरं कुणासाठी?" आणि मग त्यांचाही आवाज फुटला. "बावीस वर्षं गेली गं त्यात."

"माहीत आहे," बायको म्हणाली, आणि तिने ओल्या हातांनीच त्यांचा हात धरला. लेक दारात उभी राहून दोघांनाही रडू देत होती, आणि गोटी लेकीची चप्पल तोंडात धरून अंगणात पळून गेली.

पुढे आधीच कबूल केलेले दोन्ही नर आपापल्या घरी गेले. चित्रकलेच्या बाई आल्या तेव्हा साहेबांनी त्यांना नराबरोबर एक जाड लिफाफा दिला. त्यात थोरलीपर्यंतच्या सगळ्या पाठींचे एक्स-रे होते. "घाई करू नका," ते म्हणाले, "आधी याची पाठ बघा, अडीच वर्षं थांबा. डाग निघाले तर पिल्लांचा नाद सोडून द्या. नाही निघाले तर..." पुढचं त्यांना बोलवलं नाही. बाईंनी लिफाफा दोन्ही हातांनी घेतला. त्या दिवशी बायको पिल्लाला निरोप द्यायला पहिल्यांदाच दारापर्यंत आली, उघड्यावर रडली, आणि आत जाऊन पदराने तोंड पुसून आली. गोटी जरा मोठी झाल्यावर पिल्लं होऊ नयेत म्हणून तिचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "नक्की ना? असं घराणं पुन्हा मिळायचं नाही." साहेब म्हणाले, "नक्की."

आता गोटी वर्षाची आहे. पलंगावर उडी मारत नाही, तिला उचलून ठेवतात. कोण ते विचारू नका. तिच्या पाठीचा एक्स-रे साहेबांनी काढलेला नाही. हात शिवशिवतात, पण काढून करायचं काय?

परवा एक गृहस्थ आले. लांबून आले होते, नाव ऐकून. साहेब अंगणात होते, तोवर बायकोने दार उघडलं. तिच्या काखेत गोटी, एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली, जशी धरायला हवी तशी. गृहस्थ गोटीकडे बघून हरखून गेले. म्हणाले, "साहेबांचे चौदा प्रश्न आहेत म्हणे. मी सगळ्यांची तयारी करून आलोय. ही देणार का?"

"नाही हो," ती म्हणाली. "ही आमची आहे. पण उन्हातून आलात, आत तरी या."

मग तिने आत वळून हाक मारली, "अहो, पाहुणे आलेत." साहेब हात धुऊन स्वयंपाकघरात गेले आणि तिघांचा चहा टाकला. बाहेरच्या खोलीत बायको त्या गृहस्थांना सांगत होती, की पहिली नावाची एक कुत्री होती, तिच्यापासून ऐका.